पाठवणाऱ्याची सही

थांब, थांब. पाठवणारा म्हणून नाव वडिलांचं आणि सही तू ठोकणार? पेन ठेव खाली. ते सकाळी येतील, तेव्हा करतील. तुमच्या आत्याचं पार्सल एक दिवस उशिरा गेलं म्हणून नाताळ काही पळून जात नाही. हसू नका. दार लोटून घ्या आणि बसा, सांगतो.

माझा एक मित्र परदेशी पार्सलं पाठवायचं दुकान चालवतो. आम्ही त्याला शंकोबा म्हणतो. बायकोनं हाक मारली तरी आधी ‘का?’ विचारणारा माणूस. पण त्याचंही चुकत नव्हतं. मेव्हण्याकडून दुकान घेतलं त्याच महिन्यात कुणीतरी दुसऱ्याच्या नावानं सही करून पेटी पाठवली. तिच्यात नको ते सापडलं आणि हा तीन महिने चौकशांना तोंड देत बसला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून त्याचा नियम झाला, की ज्याच्या नावाची पेटी, त्यानंच समोर उभं राहून सही करायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची सहा तारीख, सोमवार. नाताळापर्यंत पोचायचं तर जहाजाची ती शेवटची खेप. विमानाचे पैसे परवडत नाहीत ते सगळे जहाजानंच पाठवतात. साडेदहाला बंदराकडे जाणारी गाडी यायची होती.

सव्वानऊला एक मावशी आल्या. घरी शिवणकाम करायच्या. मुलगी, जावई आणि दोन नातवंडं तिकडे. पेटीतलं सगळं उरलेल्या कापडाचं, पण काम असं की दुकानात मिळणार नाही. मुलीला एप्रन, जावयाला मफलर, नातीला लांब कानांचा ससा, नातवाला त्याच कापडाची टोपी. गुंडाळायला रंगीत कागद कशाला विकत घ्या, म्हणून कपडे बेतायचा खाकी कागद वापरलेला. त्यावर खडूच्या रेघा तशाच होत्या.

शंकोबानं सशाचं पोट दाबून पाहिलं, मफलर झटकली, टोपीचं अस्तर चाचपलं.

“मावशी, फॉर्मवर नाव यजमानांचं का?”

“दरवर्षी त्यांच्याच नावानं जातं. हे त्यांचं ओळखपत्र.”

“मग सही त्यांची हवी. ते कुठायत?”

मावशी पेटीकडे बघत राहिल्या. “त्यांना… यायला जमायचं नाही. मी करते ना सही.”

“मग तुमच्या नावानं पाठवा.”

“नको.” हे मात्र चटकन आलं. “मुलगी विचारेल, बाबांचं नाव का नाही म्हणून.”

झालं. शंकोबाच्या डोक्यात किडा शिरला. नवऱ्याच्या नावासाठी एवढा हट्ट का? आत काही आहे? त्यानं पेटी पुन्हा रिकामी केली आणि पुन्हा भरली. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. मावशींचे डोळे भरून आले होते, तेही त्याला सोंग वाटलं. शेवटी म्हणाला, “साडेदहाच्या आत त्यांना पाठवा. सही नाही तर पेटी नाही.”

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, “बरं. सांगते त्यांना.” आणि ओळखपत्र काउंटरवर विसरून निघून गेल्या.

आता दुकान कसं होतं ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत यायचं तर वाकूनच यावं लागे आणि पाठ लागून ते खडखड वाजायचंच. काउंटरसमोर जमिनीत मोठा वजनकाटा बसवलेला. पाय ठेवल्याशिवाय काउंटरपाशी पोचता येत नसे. त्यामुळे गिऱ्हाईक उभं राहिलं की त्याचं वजन शंकोबासमोरच्या पाटीवर लाल आकड्यांत उमटायचं. कोण किती सुटलंय हे त्या पठ्ठ्याला आमच्या बायकांच्या आधी कळायचं.

दहा वाजून दहा मिनिटं झाली. शंकोबा खाली वाकून टेप कापत होता. वर पाहिलं तर समोर एक गृहस्थ उभे. राखाडी स्वेटर, केस नीट विंचरलेले. ओळखपत्रावरचाच चेहरा.

शटर वाजलं नव्हतं. पण टेपच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं त्याला वाटलं.

“आलात? बरं झालं. मावशी नाही आल्या?”

गृहस्थांची नजर पेटीवर.

“आत काय काय आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

त्यांनी पेटीवर हात ठेवला. झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात, तसा. बराच वेळ हात काढला नाही.

शंकोबा चेहरा आणि फोटो ताडून पाहत होता. कान तेच, भुवईवरचा तीळ तोच. खोट काढायला जागा नव्हती. त्यानं तीन प्रतींचा फॉर्म पुढे सरकवला, मध्ये निळा कार्बन. “इथं सही. खाली तारीख.”

ते लिहू लागले. हळू… फार हळू. पेन कागदावर टेकलेलं दिसत होतं, पण आवाज नाही.

शंकोबाची नजर सहज पाटीकडे गेली.

शून्य.

काटा बिघडला असेल. त्यानं पाटीवर टिचकी मारली.

शून्य.

काउंटरवरून वाकून पाहिलं. काट्यावर दोन पाय होते. काळे बूट, नीट बांधलेल्या नाड्या…

पाय उलटे होते का, म्हणतोस? सरळ होते. म्हणून तर तो जास्त घाबरला.

पुन्हा पाटी.

शून्य.

“काका…” एवढंच कसंबसं निघालं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. वर पाहिलं. रागानं नाही… दमलेल्या माणसासारखं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शंकोबानं मान वळवली. परत पाहिलं तर…

कुणी नाही. शटर हललं नाही. वाजलं नाही.

त्याची पाचावर धारण बसली होती. गाडीवाला आत आला तेव्हा काट्यावर त्याचं वजन चोख उमटलं, अठ्ठ्याहत्तर किलो. शंकोबानं न बघता एक प्रत पेटीवरच्या पिशवीत घातली, एक गाडीवाल्याला दिली, तिसरी ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं. पेटी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओळखपत्र परत द्यायला मावशींच्या घरी गेला. म्हणजे निमित्त ओळखपत्राचं. संशय अजून सुटला नव्हता, त्याला ते काका उजेडात बघायचे होते. दार उघडलं. शिलाई मशीनच्या वर भिंतीवर काकांचा फोटो.

“केव्हा?” त्यानं विचारलं.

“एकोणीस मार्चला. रात्री झोपेत गेले.”

शंकोबानं ओळखपत्र मशीनवर ठेवलं. मग मावशींनी सगळं सांगितलं. मुलीचे तिकडे कायम राहायचे कागद अडकलेले. ते हातात यायच्या आधी तो देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, आणि नवरा-पोरं तिकडेच. बाबा गेले कळलं असतं तर ती सगळं सोडून धावत आली असती. म्हणून मावशींनी कळवलंच नाही. फोनवर रोज नवीन थाप. बाबा झोपलेत, बाबा बाहेर गेलेत, बाबांचा घसा बसलाय. कागद जानेवारीत व्हायचे होते. नाताळाची पेटी बाबांच्या नावानं गेली की आणखी दोन महिने निभावले असते.

“काल तुमच्याकडून आले आणि फोटोला रागानं म्हटलं, मला मेलीला खोटं बोलायला ठेवलंत, आता तुम्हीच जा सही करायला.” मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “तुम्ही मग पेटी ठेवूनच घेतली असेल.”

“पेटी गेली,” शंकोबा म्हणाला. “सही करून गेले ते.”

मावशी रडल्या, पण त्यांना हायसंही वाटलं. म्हणाल्या, म्हणजे माझं त्यांना पटलं म्हणायचं. शंकोबानं मान हलवली. त्यानंतर दीड महिना त्यानं तो ड्रॉवर उघडला नाही.

डिसेंबरच्या बावीस तारखेला पेटी पोचली. रात्री मुलीचा फोन आला. ससा आवडला, नातू टोपी घालूनच झोपलाय, जावई मफलर काढत नाहीत. मावशी हसत होत्या. बाबा कुठायत म्हणून विचारील, तर आजची थाप तयार होती.

तिनं ते विचारलंच नाही. तिकडे कसला तरी कागद सळसळला. मग म्हणाली, “आई… एकोणीस मार्चला काय झालं?”

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात आल्या. शंकोबानं ड्रॉवर उघडला. छापलेली तारीख सहा नोव्हेंबर. खाली निळ्या कार्बनमध्ये काकांची सही. आणि सहीखाली, त्याच अक्षरात, एकोणीस मार्च.

“जन्मभर बस डेपोत कंट्रोलर होते हो,” मावशी म्हणाल्या. “गाडी सुटल्याची वेळ वहीत लिहायचे. एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही कधी.”

“मुलीला काय सांगितलंत?”

“मी काय सांगणार? त्यांनीच कळवलं होतं.”

मुलगी रडली, भांडली, पण कागद होईपर्यंत थांबली. फेब्रुवारीत आली. आल्या आल्या घरी न जाता आधी त्या दुकानात गेली आणि ती प्रत मागितली. शंकोबानं काढून दिली. तिनं तारखेवर बोट ठेवलं, आणि उचललं तेव्हा बोटाला निळी शाई लागली होती. तीन महिन्यांपूर्वीच्या कार्बनची… ओली.