क्रॅनलीबाईंचं सहावं पुस्तक

केटरिंगच्या धक्क्यावर, फेरीबोटीच्या रांगेत गाडी उभी करून मी पुस्तकात डोकं घातलं होतं. बाहेर रिपरिप पाऊस, काचेवर वाफ... आणि इडिथ क्रॅनलीच्या तिसऱ्या रहस्यकथेत नुकताच दुसरा खून झालेला! तेवढ्यात काचेवर टकटक.

"मॅडम, रांग पुढे सरकली. आणि हो, तो औषधवाला निर्दोष आहे हं. उगाच संशय घेऊ नका."

ओल्या दाढीतून हसत तो निघूनही गेला. त्याच्या अंगावर गाडी घालावीशी वाटली मला.

क्रॅनलीबाईंचा शोध मला महिन्यापूर्वीच लागला होता. एकूण सहा पुस्तकं, आणि आमच्या वाचनालयात प्रत्येकाची एकच प्रत. मी टॅम्सिन पायबस, ब्रूनी बेटावरच्या दवाखान्यात नर्स, रोज फेरीने जाणारी-येणारी. तो कॅलम डिरीन, बेटावर कामं घेणारा प्लंबर... आणि प्रत्येक पुस्तक माझ्याआधी पळवणारा!

"चौथं कधी परत करणारेस?" अहो-जाहो पहिल्या आठवड्यातच संपलं होतं; आता दीड महिना होत आला होता.

"वाचतोय सावकाश."

"पाच आठवडे?"

"रागावलीस की तुझं नाक लाल होतं."

"थंडीनं होतं ते!"

"बरं, थंडीनं." त्यानं थर्मासमधला चहा माझ्यापुढे धरला. "त्या विधवेवर मात्र विश्वास ठेवू नकोस..."

"आणखी एक शब्द बोललास ना, तर समुद्रात ढकलीन."

तो फेरीवर नसला की मात्र बेटावर पोचायची ती वीस मिनिटं संपता संपायची नाहीत. याचा तर मला जास्तच संताप यायचा.

एका मंगळवारी, डेकवर, त्यानं सहावं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. चक्क दोन दिवसांत!

"झालं वाचून?"

"टॅम्सिन, खरं सांगू? एकही पूर्ण वाचलेलं नाही मी. शेवटचं प्रकरण तेवढं वाचायचो. तुला छळायला तेवढं पुरायचं."

"आणि पाच-पाच आठवडे नुसतं घरात ठेवून—"

"तू मागायला यायचीस ना."

तो रेलिंगचा गंज नखानं खरवडत राहिला.

"गुरुवारी जहाज आहे माझं. अंटार्क्टिकाला. तिथल्या तळावर वर्षभर काम."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"अर्ज केला तेव्हा तू कुठे होतीस गं?" त्याचा आवाज पडला. "या पुस्तकाचा शेवट मी बघितलेला नाही. दर रविवारी फोनवर एक-एक प्रकरण वाचून दाखवशील?"

मी इतकी चिडले होते की धड निरोपही घेतला नाही. गुरुवारी मात्र रजा टाकून होबार्टच्या बंदरावर गेले, आणि ते केशरी जहाज दिसेनासं होईपर्यंत वेड्यासारखी हात हलवत उभी राहिले.

मग सुरू झाले आमचे रविवार. त्याचा आवाज माझ्यापर्यंत यायला क्षणभर उशीर व्हायचा. त्यामुळे आम्ही सारखे एकमेकांच्या बोलण्यावर आदळायचो. आणि हा गप्प ऐकेल तर शपथ!

नवव्या रविवारी तर कहर झाला.

"माळी! माळ्यानंच मारलं!"

"कॅलम, तिसऱ्यांदा सांगतेय—"

"नाहीतर ती भाची. लिहून ठेव."

"वाचू देणारेस का?"

"ती डाव्या हाताने चहा का ओतते मग?"

"अरे, प्रेम आहे माझं तुझ्यावर, आता तोंड मिट आणि ऐक! 'तळघराचं दार उघडंच होतं—'"

पलीकडे शांतता. नेहमीपेक्षा कितीतरी लांब. फोन तुटला की काय?

"कॅलम...?"

"पुन्हा वाच," तो अगदी हळू म्हणाला.

"'तळघराचं दार—'"

"ते नाही. त्याच्या आधीचं."

"ते पुस्तकात नाहीये, मूर्खा."

"माहितीये."

मी पुस्तक मिटलं. आणि मग, जराही न चिडता, पुन्हा म्हटलं.