उलट्या तव्यावरचा नान

पहिला नान बर्नरवर पालथा पडला आणि फस्स करून ज्योत विझली, तिथून या गोष्टीला सुरुवात झाली. तो पडला नसता, तर या दोघांची भेट व्हायचं काही कारणच नव्हतं.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागच्या छोट्याशा खोलीत बसून लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे ओतायचे, त्यावर एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. इमारतीत सगळे तिला कवळीवाली म्हणत. हात इतका नेमका की दात केसाइतकाही इकडचा तिकडे व्हायचा नाही. पण स्वयंपाकाच्या नावाने आनंदीआनंद! दोन वर्षं बाईसाहेब चहा-पावावर जगत होत्या आणि फोनवर बाबांना मात्र "आज घरीच नान केले" म्हणून बिनधास्त ठोकून देत होत्या. एकदा ठोकलं, दोनदा ठोकलं... तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, "मग येत्या रविवारी येतोच खायला. तुझं नीट चाललंय हे या डोळ्यांनी पाहिलं की मी सुटलो. नाहीतर सामान बांधायचं आणि घरी चलायचं. फोटोत नुसती काटकी दिसतेस."

बाबांनी जन्मभर जमिनी मोजल्या होत्या. अंदाजपंचे काहीही त्यांना चालत नसे. आणि ते बोलले की बोलले. ही राहायची भाड्याची खोली, हे काम, सकाळी स्वतःच्या किल्लीने स्वतःचं दार उघडणं — एका नानापायी हे सगळं जाणार?

म्हणून सोमवारी तिने पहिला प्रयोग केला, तो बर्नरवर पडला आणि शेगडी दुरुस्त करणाऱ्याला बोलवावं लागलं.

तो आला, बाह्या सरसावल्या, बर्नर उचलून उजेडात धरला. भोकाभोकांत करपलेलं पीठ.

"काय सांडलं हो?"

"सांडलं नाही... पडलं. नान. तवा उलटा केला होता ना, व्हिडिओत करतात तसा."

"तवा बघू."

तिने तवा आणला. कोरा करकरीत नॉनस्टिक, वर तेलाने चमचमणारा.

"याला तेलपण लावलंत?" त्याचे डोळे विस्फारले.

"मग? चिकटला असता ना! आमच्याकडे साच्याला आधी तेलाचा हात फिरवतात. चिकटलं की सगळं मुसळ केरात."

तो हसला. आधी खांदे हसले, मग डोळे, आणि आवाज सगळ्यात शेवटी आला. "अहो, इथे चिकटायलाच हवं. चिकटला तरच तो उलटा टिकणार!"

ती लालेलाल झाली. पण राग काही येईना.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ज्या घरची शेगडी बघतो, तिथून काहीतरी शिकूनच निघतो. एका घरी मासे साफ करायला शिकलो, एका घरी बाळाला आंघोळ घालायला. नान एका म्हाताऱ्या खानसाम्याने शिकवला, जहाजावर असायचा तो."

"मला शिकवाल?" तोंडातून निघून गेलं... आणि मग तिने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःचा लांब दांड्याचा लोखंडी तवा घेऊन हजर. मैदा, दही, यीस्ट, मीठ, पाणी. तिने पीठ भिजवलं, झाकलं आणि घड्याळ लावलं.

"दहा मिनिटं झाली!"

"हे प्लास्टर नाही. दोन तास लागतील. बसा."

बसण्यावाचून इलाज नव्हता. मग गप्पा झाल्या. ती सांगत होती, कवळी बसल्यावर एका आजोबांनी पहिल्यांदा बदाम फोडला आणि ते ढसाढसा रडले. तो सांगत होता, ज्योत नीट आहे की नाही ते त्याला नुसतं ऐकून कळतं. दोन तासांनी तिने ओलं फडकं उचललं आणि बघतच राहिली. मुठीएवढा गोळा पातेलंभर झाला होता. त्याने बोटाने हलकेच दाबलं. खळगा हळूहळू वर आला. तिनेही शेजारी बोट टेकवलं. मऊ, कोमट... जिवंत! दोघांची डोकी पातेल्यावर इतकी जवळ आली होती, की आधी मागे कोणी व्हायचं हेच कुणाला कळेना.

मग त्याने लाटलेल्या नानाला एका बाजूने पाण्याचा हात लावला. ओली बाजू तापल्या तव्यावर. चर्र! वरच्या बाजूला फुगे धरले... आणि त्याने दांडा धरून तवा सरळ उलटा केला.

"अगं बाई!" तिने दोन्ही हात पुढे केले.

नान पडलाच नाही. आगीवर डोकं खाली करून निवांत लटकला, फुगला, फुग्याफुग्यावर तपकिरी ठिपके उमटले. भाजक्या पिठाचा वास घरभर पसरला. ती तोंडात बोट घालून उभी. एवढ्याशा पाण्यावर हा असा लटकून राहतो? तिला वाटलं, असं काही आपण जन्मात पाहिलेलं नाही.

"पुन्हा करा ना..."

त्याने पाच वेळा केलं. पाचही वेळा ती तितकीच थक्क झाली. आणि पाचव्या वेळी ती नानाकडे बघत नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

गुरुवारी तो पुन्हा आला. शनिवारीही. पण तवा तिच्या हातात आला की घात! शनिवारी ओळीने दोन नान पडले. ती रडकुंडीला आली.

"उद्या सकाळी तुम्हीच करून द्या ना. मी डब्यात झाकून ठेवते. बाबांना काय कळतंय!"

तो हात पुसत राहिला. "नाही."

"का?"

"कारण... तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं."

ती पुढे सरकली. "मग तर करायलाच हवेत!"

"मग तर मुळीच नाही. माझ्या नानांवर राहिलात, तर बाबा पुढच्या वेळी आले की पुन्हा धाकधूक. तुम्हाला जमतंय. फक्त उलटा करताना घाबरून हिसका देता. हळू फिरवा."

तवा तिथेच ठेवून तो गेला. तिला आधी भयंकर राग आला. मग रविवारचं पीठ मळताना 'तुम्ही जाऊ नये' एवढंच कानात घुमत राहिलं.

बाबा आले. हात पाठीमागे बांधून शेगडीशी उभे राहिले. तिने पाणी लावलं, नान टाकला, श्वास रोखला... आणि तवा हळू, अगदी हळू फिरवला.

नान टिकला!

"अरे!" बाबांचे पाठीमागचे हात सुटले. ते वाकून तव्याखाली बघायला लागले. "पडत कसा नाही गं?"

बाबांनी चार नान खाल्ले. बोटं चाटून म्हणाले, "राहा इथेच. पण हे व्हिडिओ बघून येत नाही. कुणी शिकवलं?"

'शेजारच्या काकूंनी' असं अगदी जिभेवर आलं होतं. ते म्हटलं की सगळं सुरळीत होतं. खरं सांगितलं, तर मिळालेली खोली आत्ताच्या आत्ता जायची भीती. पण खोटं बोलून बोलून तिचा जीव विटला होता.

"शेगडी दुरुस्त करायला येतात... त्यांनी."

बाबांनी घास खाली ठेवला. "शेगडी किती वेळा बिघडली?"

"एकदा."

"आणि तो किती वेळा आला?"

"...चार."

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं. "माझी गाडी सहाची आहे. त्याच्या आत मला हा माणूस दाखव."

तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"जमलं?"

"जमलं. बाबांना तुम्हाला भेटायचंय. मी त्यांना खरं सांगितलं."

"कसलं खरं?"

"शेगडी एकदाच बिघडली होती, ते." ती घाईने पुढे म्हणाली, "यायला किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं."

"इतक्या लवकर? कुठे आहात?"

"खालीच... सकाळपासून. म्हटलं, तुम्ही सामान घेऊन उतरलात, तर निदान बॅग तरी धरू... आणि तेवढ्यात विचारू, थांबाल का म्हणून."

ती खिडकीशी धावली. फाटकापाशी, भर उन्हात, फोन कानाला लावून तो वर बघत उभा होता. तिला वाटलं, हे असं आपल्यासाठी कुणी उभं राहतं? खरंच?

"सामान उतरत नाहीये," ती म्हणाली. "तू वर ये."