बाजूच्या स्टँडपाशी

त्या रविवारी सकाळी देवदत्त घराबाहेर पडला तो मधाची बाटली आणायला. फोरबर्गमधल्या त्याच्या घरापासून आल्बर्ट हाइन हे सुपरमार्केट चालत सात मिनिटांवर. जानेवारीचं धुकं इतकं दाट, की ट्राम दिसण्याआधी तिची घंटा ऐकू यायची. गळ्याला मफलर, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. काउंटरवरच्या बाईने पावती हवी का विचारलं, तेव्हा त्याने नुसती मान हलवली. डॉक्टरांनी मौन सांगितलं होतं, आणि दुपारी दोन वाजता त्याचा ऑपेरा होता.

देवदत्त बॅरिटोन गायक होता. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधला आवाज, ना फार चढा ना फार खोल. पुण्यातली इंजिनिअरची चांगली नोकरी सोडून तो गाणं शिकायला द हेगला आला, त्याला बावीस वर्षं झाली. ‘चढ्या आवाजाच्या वाट्याला प्रेयसी, आमच्या वाट्याला बाप,’ असं तो हसत सांगायचा. रंगमंचावर तो मुलीसाठी जीव टाकणारा बाप व्हायचा आणि लोक रुमाल काढायचे. घरी चौदा वर्षांची संहिता त्याच्या मराठी प्रश्नांना डचमध्ये उत्तरं द्यायची, तीही फोनमधून डोकं वर न काढता. ते त्याला फार लागायचं.

या हंगामात त्याने आजारपणापायी दोन प्रयोग सोडले होते. तिसरा सोडला तर पुढचा करार नाही, हे ऑपेरा कंपनीने गोड शब्दांत कळवलं होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरं दार कोण उघडणार?

अशा वेळेसाठी तिकडे एक रीत आहे. आवाज बसलेल्या गायकाने रंगमंचावर नुसते ओठ हलवत अभिनय करायचा, आणि ऐनवेळी बोलावलेल्या दुसऱ्याने रंगमंचाच्या कडेला, नोटेशनच्या स्टँडपाशी उभं राहून गायचं. शेजारच्या बेल्जियममधल्या गेंटहून एक गायक निघालाही होता.

पावणेदोनला देवदत्त आरशासमोर दाढी चिकटवत बसला होता. दार वाजलं नाही, पण आरशात दारातला माणूस दिसला. अंगात भिजलेला लोकरीचा ओव्हरकोट, चेहऱ्यावर अंधार. खोलीत ओल्या लोकरीचा कुबट वास पसरला, आणि त्यात मिसळलेला ज्येष्ठमधाचा.

“पुढचं मी सांभाळतो... चालेल ना?” तो हलक्या आवाजात म्हणाला.

देवदत्तने आरशातच हात जोडले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं त्याला. मागे वळला तेव्हा दारात कोणी नव्हतं. जिना उतरता उतरता त्याच्या ध्यानात आलं, की गेंटचा तो माणूस मराठीत बोलला होता.

विचार करायला वेळच नव्हता. पडदा वर गेला. देवदत्तने तोंड उघडलं, आणि कडेच्या अंधारातून आवाज आला. भरदार, स्वच्छ, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोचणारा. चढ्या स्वराआधी श्वास किंचित अडकवायची देवदत्तची जुनी खोड होती, गुरूंनी कानीकपाळी ओरडूनही न गेलेली. त्या आवाजातही श्वास नेमका तिथेच अडकत होता. तो त्याचाच आवाज होता, तिशीतला. स्टँडपाशी ओव्हरकोटातली पाठ तेवढी दिसत होती. देवदत्तने ओठ मिटले, तरी गाणं चालूच राहिलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रंगमंचाची व्यवस्था बघणारी मार्लीस धावत आली.

“गायचं होतं तर आधी सांगायचंस ना,” ती म्हणाली. “गेंटचा गायक ब्रेडाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलाय. आम्ही पडदा पाडून प्रयोग रद्द करणार होतो, तेवढ्यात तू गायला लागलास. आणि गायलास तरी काय... असा तू कधीच गायला नव्हतास.”

त्याने फोनवर लिहून दाखवलं, ‘स्टँडपाशी कोण होतं?’

“स्टँडपाशी? कोणीच नाही.”

तो जाऊन बघून आला. स्टँडच्या कडेवर ज्येष्ठमधाची एक काडी होती. चघळलेली, ओली.

मौनाची मुदत सोमवारी संपली. देवदत्तने सकाळी साधनाला, बायकोला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. कुजबुजसुद्धा नाही. खोकला आला तोही मुका. मंगळवारी नव्या कराराचं पत्र आलं, दोन वर्षांचं. ते हातात धरून तो न्हाणीघरात रडला, आणि त्या रडण्याचाही आवाज झाला नाही. गुरुवारी घशाच्या तज्ज्ञाने कॅमेरा घालून पाहिलं. “सगळं निरोगी आहे,” तो म्हणाला. “आता बोला तुम्ही.”

परतताना ट्राममध्ये साधनाचा मेसेज आला. ती ब्रेडाच्या ऑफिसात होती. ‘आवाज आला ना परत. फोनवर ऐकून रडायलाच आलं रे. लवकर निघते.’

त्याने कोणालाही फोन केला नव्हता.

तो धावतच घरी पोचला. चारच वाजले होते, पण उजेड सरत आला होता. दाराला आतून कडी होती, किल्ली फिरेना. तो गुडघ्यांवर बसला आणि पत्रं टाकायच्या फटीचं झाकण त्याने उचललं. आतून उजेड आला, आणि ओल्या लोकरीचा वास.

“आलं टाकलंस का गं चहात?” त्याचाच आवाज विचारत होता.

“टाकलं रे बाबा. थांब ना, उकळू दे जरा.”

संहिता. मराठीत, आणि हसत. सात वर्षं तो या एका वाक्यासाठी झुरला होता. क्षणभर त्याला नुसता आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच मग सगळ्यात जास्त भीती वाटली. त्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

आतलं हसणं थांबलं. सावकाश पावलं दारापर्यंत आली.

“कोण आहे?” त्याच्या आवाजाने विचारलं. अगदी मायेने.

देवदत्तने तोंड उघडलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. झाकणाच्या पत्र्यावर त्याच्या श्वासाची वाफ तेवढी धरली.

“कोण आहे, बाबा?” संहिता आतून म्हणाली.

“कोणी नाही गं.”

पावलं परत गेली नाहीत. थोड्या वेळाने त्या फटीतून दोन बोटांनी ज्येष्ठमधाची एक काडी बाहेर सरकवली. चघळलेली होती, आणि अजून गरम.