चांदमारीवरचं लाल फडकं

“मागल्या पौषात मैनाबाईला गोळी लागली, तेव्हा टेकाडावर निशाण होतं का नव्हतं?”

हा प्रश्न मी बाबांना विचारून दाखवावा, अशी पैज शालूने लावली होती. अख्ख्या वर्गासमोर. जमुनासमोरही. आणि मैनाबाई म्हणजे जमुनाची आई.

मी हो म्हणून बसले. मी कशालाच नाही म्हणत नाही. अकोल्यात मुलींची शाळा निघून वर्ष झालं. पाहुणे आले की मोठ्यानं वाचायला मास्तर मलाच उभं करतात. पण बाबांना आजवर मी उलटून काही विचारलेलं नव्हतं.

पुढे लिहिते ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शके १७८८, पौष वद्य पंचमी. रात्र नव्हती, सकाळ होती. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

चांदमारी गावाबाहेर आहे. शिपाई तिथे बंदुकीचा नेम धरायला शिकतात. मैदानाच्या टोकाला मातीचं टेकाड, त्याच्यापुढे फळी, फळीखाली खड्डा. खड्ड्यात नत्थुजी बसतो. गोळी फळीला लागली तर काठीवर पांढरी थाळी वर करतो, चुकली तर लाल फडकं हलवतो. बाबा तिथले कारकून, ते इकडे बसून वहीत लिहितात. सुरू करण्याआधी नत्थुजीनं टेकाडावर मोठं लाल निशाण लावायचं, म्हणजे पलीकडे कोणी फिरकत नाही.

कारण पलीकडे कापूस आहे. अमेरिकेत लढाई लागली, कापसाला सोन्याचा भाव आला, आणि लोकांनी पार टेकाडाच्या पायथ्यापर्यंत सरकी पेरली. मैनाबाईचं वावर टेकाडाला खेटून. मागल्या पौषात कापूस वेचता वेचता तिला गोळी लागली आणि ती जागीच गेली. कागदावर आलं की निशाण लावलेलं होतं, बाई आपल्या मनानं आत शिरली. मग गावच म्हणायला लागलं, गोळ्यांचं शिसं चोरायला गेली असेल. वर्गातल्या पोरी जमुनाला अजून ‘शिसेचोराची’ म्हणतात.

तो कागद बाबांनी लिहिला होता.

त्या सकाळी बाबा कानटोपी विसरून गेले. आई नको म्हणेपर्यंत मी टोपी घेऊन गल्लीच्या टोकाला पोचले होते.

धुकं असं की समोरची बैलगाडी नुसत्या घुंगरांवरून कळत होती.

चांदमारीवर सगळंच बिघडलेलं. बाबांची शाई थंडीनं घट्ट झाली होती. बंदुकीची दारू सर्दावलेली. कोरडी दारू येईपर्यंत चाप ओढला की नुसता फुसकारा. शिपायांचा गोरा साहेब सगळ्यांवर खेकसत होता. आज सूर्यभान शिपायाची पाळी होती. मैनाबाईला लागलेली गोळी त्याचीच. तेव्हापासून त्याचा नेम बसत नव्हता. दहांत तीन लागल्या नाहीत तर पट्टा उतरवणार, असं साहेबानं बजावलं होतं.

टेकाडाचा माथा धुक्यात बुडालेला, खालची फळी तेवढी अंधुक दिसत होती; निशाण लागलंच असेल, असं धरून साहेबानं हुकूम दिला. पहिली गोळी सुटली.

धुक्यात... लाल फडकं हललं.

बाबांनी लिहिलं, चुकली.

दुसरी. लाल.

तिसरी... लाल.

सातवीनंतर सूर्यभान बाबांकडे वळला. हळूच म्हणाला, “पंत, नेम बरोबर आहे माहा. ते फडकं काठीवर नाही हालून रायलं. पाहा तुमी.”

मी पाहिलं.

काठी दिसतच नव्हती. फडकं फुगत होतं, खाली येत होतं, पुन्हा फुगत होतं... पदरासारखं.

वारा मुळीच नव्हता.

आठवी. नववी. दहावी.

लाल... लाल... लाल.

साहेब तरातरा खड्ड्याकडे निघाला. मागे बाबा, सूर्यभान, आणि बाबांचा अंगरखा धरून मी.

तेवढ्यात आमच्या मागून कोणीतरी धावत आलं. गावाकडून.

नत्थुजी.

धुक्यात वाट चुकून नाल्याकडं भटकलो म्हणाला. मग आमच्याकडे बघतच राहिला. “चालू केलं का तुमी? निशाण तर माह्यापाशीच आहे.”

त्याच्या काखेत गुंडाळलेलं निशाण होतं.

साहेबानं खड्ड्यात डोकावलं.

खड्ड्यात काठी आडवी पडली होती, तिच्यावर दव जसंच्या तसं. फडकं घडी करून दगडाखाली. फळीवर एक भोक नाही. टेकाडाची माती कुठे उकरलेली नाही.

मग दहा गोळ्या गेल्या कुठे?

टेकाडापलीकडून... कोणीतरी खोकलं.

मी वर चढले. पलीकडे, फळीच्या अगदी सरळ रेषेत, कपाशीच्या दोन ओळींमध्ये जमुना मुटकुळं करून बसली होती. निशाण नाही म्हणून शाळेआधी वेचायला आलेली.

आवाज ऐकून पळाली का नाहीस, मी विचारलं.

“उठूच नाही देलं. खांद्यावर हात होता. बस माय, बस, म्हणे.”

“कोण?”

“वर नाही पाह्यलं मी. पाह्यलं असतं तर निघून गेली असती.”

ती उठली. कापसानं भरलेली तिची ओटी खाली ओढल्यासारखी लोंबली. मी आत हात घातला.

शिशाच्या गोळ्या. न चेपलेल्या. गरम.

साहेब पोचला तेव्हा एक माझ्या मुठीत होती. उरलेल्या नऊ त्यानं पाहिल्या आणि बाबांना लिहायला सांगितलं : निशाण लावलेलं होतं, मुलगी शिसं चोरायला शिरली.

सूर्यभानानं आपणहून पट्टा काढून ठेवला आणि टेकाडाकडे तोंड करून हात जोडले.

बाबांनी मात्र टाक शाईत बुडवला.

जमुना रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी बाबा ताटावरून उठायला लागले, तेव्हा मी पैजेतला प्रश्न विचारला. आईचा हात पोळीवरच थांबला.

बाबांनी समईची वात पुढे सारली.

“नव्हतं,” ते म्हणाले.

माझ्या मुठीत ती दहावी गोळी होती. सकाळपासून अंगणातल्या दगडावर ठेवली, रांजणाच्या पाण्यात बुडवली. दगड गार, पाणी गार. गोळी अजून गरम आहे. का, ते मला कळत नाही. मला ती टाकवतही नाही.

मी उभी राहिले.

“आई, बाबा, उद्या मी जमुनाला घेऊन साहेबाच्या कचेरीत जाणार. दोन्ही वेळा निशाण नव्हतं, असं मी कागदावर लिहिलंय. बाबांची चाकरी जाईल, ते मला ठाऊक आहे. खाली सहीची जागा ठेवलीय, बाबा. नाही केलीत तरी मी मोठ्यानं वाचणार.”