अकराची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती तर मी रात्रीची रचली असती.

या पेजवरच्या गोष्टी मीही वाचते. बहुतेक रात्री बाराच्या, अमावस्येच्या. माझ्यासोबत जे झालं ते सकाळी अकरा वाजता झालं. गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. लख्ख ऊन. गोंदिया जिल्ह्यात, केशोरीपासून सात किलोमीटर आत, जंगलाला लागून असलेली एक टोली, छोटीशी वस्ती.

टोलीचं नाव लिहीत नाही. तिथं अजून चार घरी चूल पेटते.

सध्या मी पुण्याजवळ चाकणला एका खोलीत राहते. नवरा दुपारपाळीला गेलाय. माझी खुशी, साडेतीन वर्षांची, मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. ती झोपलीय तोवर मोबाईलवर टाइप करतेय. एका अंगठ्यानं.

दुसरा हात तिच्या कपाळावर आहे.

काऊन, म्हणजे का, ते शेवटी सांगते.

त्या टोलीत मी अंगणवाडी सेविका होते. सव्वीस घरं, खुशी धरून नऊ लेकरं. मदतनीस जमुनामावशी. खिचडी शिजवायची ती आणि शिव्या द्यायची तीही तीच. माझा नवरा उमेंद्र आधी तिरोड्याकडे ठेकेदाराच्या हाताखाली होता. तिथलं काम संपलं, मग तो चाकणला गेला. मी खुशीला घेऊन टोलीतच राहिले.

आमच्याकडे धान एकदा होतो. धान निघाला, मंडईची जत्रा झाली, की हाताला काम नाही. मग तेलंगणातून पिकअप येतात, मिरची तोडायला माणसं न्यायला. आधी गडी जायचे. मग बाया जाऊ लागल्या. यंदा म्हाताऱ्याही निघाल्या. घरी लेकरं सांभाळायला कोणी उरलंच नाही, म्हणून लेकरंही गेली.

जानेवारीच्या एका सकाळी तीन पिकअप भरल्या.

शेवटच्या गाडीत गाठोड्यावर प्रिया बसली होती. झामसिंग आणि लीलाबाईची पोरगी. चार वर्षांची. हजेरीला बाकीची लेकरं म्हणायची, "हजर मॅडम." ही मध्येच होकाराचा "हाओ" घालायची, "हजर हाओ मॅडम!" रोज. आणि रोज सगळे हसायचे.

गाडी सुरू झाली तशी ती ओरडली, "मॅडम, माही हजेरी मांडजो!"

"मांडते, मांडते," मी म्हटलं.

लेकराला काय म्हणणार दुसरं?

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीत एकच मूल. माझं.

टोलीत माणसांपेक्षा कुलपं जास्त. दुपारी कोंबडं आरवलं तरी दचकायला व्हायचं. पंधरा दिवसांनी वरून सुपरवायझर मॅडमचा फोन आला. "तुमच्याकडे एकच मूल, तेही तुमचंच? असं राहिलं तर केंद्र शेजारच्या गावाला जोडावं लागेल हं."

शेजारचं गाव नाल्यापलीकडे, तीन किलोमीटर. पावसाळ्यात त्या नाल्यातून बैल जात नाही, लेकरू कुठून जाणार?

जमुनामावशी चुलीपुढून म्हणाली, "मांडून दे ना सगळ्यायची. चैतात येतेतच ना थे. आले आन् अंगणवाडीच नसन, तं का तुह्या घरी खिचडी खातीन?"

"खोटं होते ना मावशी."

"मंग खरं मांड आन् बस कुलूप लावून. एक कुलूप आखीन."

मी मांडलं.

पण नुसती टिक करवेना. म्हणून मी एक करायचे. अकराला वही घ्यायची, दारात उभं राहायचं आणि एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं. हिमांशू. दुर्गेश. मुन्ना. नाव घेऊन मांडलं की खोटं अर्धंच वाटायचं.

खुशीला तो खेळ वाटला. प्रत्येक नावाला तीच ओरडायची, "हजर मॅडम!" मावशी चुलीपाशी हसायची. तेवढाच टोलीत आवाज.

आणि तो मंगळवार.

खुशीच्या तोंडात गूळ होता. दोन्ही गाल फुगलेले. मी नावं घेत होते, ती नुसती मान हलवत होती.

"हिमांशू."

काही नाही.

"दुर्गेश."

काही नाही.

"प्रिया…"

"हजर हाओ मॅडम."

मी खुशीकडे पाहिलं.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती भिंतीपाशी, प्रियाच्या जागेकडे पाहत होती. गाल तसेच फुगलेले. तोंड बंद.

चुलीपाशी मावशीचा झारा थांबला होता.

"तू बोललीस का व?" तिनं मला विचारलं.

मी नाही अशी मान हलवली. बाहेर पाहिलं. ऊन. रिकामा रस्ता. एक शेळी.

"पाखरू असन," मावशी म्हणाली. आणि ताटल्या मांडताना तिनं एक जास्त मांडली.  

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. फक्त त्याच नावाला. बाकी सात नावं भिंतीवर आपटून परत यायची. या एका नावाला उत्तर यायचं.

आवाज कधी मोठा नव्हता. थोडा ओढल्यासारखा, झोपेतून उठवल्यासारखा. नंतर नंतर तर… धाप लागल्यासारखा.

दुसऱ्या गुरुवारी तो बदलला.

धाप गेली. अगदी साफ, अगदी जवळून, खिदळत आला. "हजर हाओ मॅडम!" मला वाटलं, पदराला कोणी धरलं.

त्या दिवसापासून खुशी एकटी खेळेना. भिंतीशी बसून भातुकली मांडायची. अर्धा गूळ तिकडे सरकवायची.

"कोणाले देऊन राहिली बेटा?"

"पियाले."

तुम्ही म्हणाल, पळून का नाही गेले. खरं सांगते. भीती वाटायची, पण अकरा वाजायची वाटही पाहायचे. महिनाभर मोठ्या माणसाशी बोलायला मावशी, लहानाशी बोलायला खुशी. त्या रिकाम्या टोलीत मला उत्तर देणारं कोणीतरी होतं. मी आई आहे. लेकराच्या आवाजाला मी दार कसं लावू?

मार्चच्या शेवटी लीलाबाई आली.

एकटी. केशोरीच्या फाट्यापासून पायी. ना गाठोडं, ना नवरा. सरळ अंगणवाडीच्या पायरीवर बसली. मावशीनं पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"झामसिंगभाऊ?" मी विचारलं.

"उचल घेतली हाय ना. मालक सोडत नाही. मलेच कसंबसं येऊ देलं."

"आन् प्रिया?"

तिनं दोन्ही हात मांडीवर उघडले. मिरचीनं बोटं फाटली होती.

"ताप आला मॅडम. मंगळवारी सुरू झाला. दवाखाना लंबा. बोली समजत नाही कोणाची. नऊ दिवस काढले पोरीनं."

मंगळवार. नऊ दिवस. गुरुवार.



"दिवसभर डोळे मिटून राहे," लीलाबाई म्हणाली. "पण उन्हं अशी डोक्यावर यायच्या थोडं आधी हात वर करे. एवढाच. आन् म्हणे, हजर हाओ मॅडम. रोज. मी म्हणो, कोण बलावून राहिलं तुले व बाई?"

मावशी उठून चुलीकडे गेली.

 मी तिला काय सांगणार? की मी बोलावत होते?

मग लीलाबाई म्हणाली, "वही दाखवा ना. माह्या पोरीचं नाव हाय का थ्यात?"

मला वाटलं, आता ही मला दोषी धरेल. मी वही उघडली. तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं. हे नाव. या टिका. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एकही दिवस गैरहजर नाही.

तिनं त्या टिकांवरून बोट फिरवलं. एकेका दिवसावरून. हळू.

"तिथं कोणीच नाव लिहलं नाही तिचं," ती म्हणाली. "ना आली म्हणून, ना गेली म्हणून. शेताच्या धुऱ्यावर, मातीत ठेवून आलो. आता तुमच्याच वहीत हाय थे, एवढीच."

मग तिनं माझा हात धरला.

"काटू नका मॅडम. मांडत जा."

"मांडते," मी शब्द दिला.

त्याच रात्री मी उमेंद्रला फोन केला. म्हटलं, खोली पाहा, आम्ही येतो. तो हसला. "दोन वर्षं बलावून राहिलो, तवा नाही आली. आता काऊन?" मी म्हटलं, तू खोली पाहा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला. नवीन सेविका येईपर्यंत केंद्र बंद पडू नये, म्हणून मावशी म्हणाली, महिनाभराची हजेरी मांडून जाय. मी बसले आणि मांडत गेले. तीस तारखेपर्यंत. हिमांशू, दुर्गेश, मुन्ना. प्रियाची मांडली, लीलाबाईला शब्द दिला होता.

शेवटची ओळ खुशीची.

हातानं सवयीनं तीही मांडली. तीस तारखेपर्यंत, हजर.

खुशी तर माझ्यासोबत जाणार, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

इथं चाकणला माणसंच माणसं. आमच्या जिन्यावर बिहारचे, ओडिशाचे, लातूरचे, सगळ्या मुलखाचे लोक. कोणाला कोणाचं नाव माहीत नाही. समोरच्या खोलीतली बाई मला "ए गोंदिया" म्हणते. पण मला बरं वाटलं होतं. इथं गोंगाट आहे. असलं काही इथं ऐकू येणार नाही.

परवा जमुनामावशीचा फोन आला. रागावलेली.

"कवा आलीस व? गावात येते आन् भेटतही नाही? लई पुनेवाली झाली का?"

"मावशी, मी चाकणला हाय."

"लबाडी नोको करू. दोन दिवसापासून आयकून राहिली मी. अकराले हजेरी घेऊन राहिली तू आतमंधी. तुहाच आवाज हाय. दार बंद करून काऊन बसते?"

मी मोबाईल जिन्यातल्या गोंगाटाकडे धरला.

 मावशीचा आवाज एकदम बारीक झाला.

"…रेणू, तू खरंच थ्या तिकडं हायस?"

"हाव मावशी."

"मंग इथं…"

"लेकरायचा आवाज येते का मावशी?"

"दोघीयचा येते."

"दोघी कोण?"

ती सांगेना. मी रडायला लागले तेव्हा म्हणाली, "एक थे हाओवाली. आन् दुसरी… तुही खुशी."

मी म्हटलं, मावशी, आत जा, वही काढ, शेवटची ओळ काट. फक्त शेवटची. तिनं एका दमात नाही म्हटलं.

"मी दार नाही उघडत बाप्पा. आत तू हायस ना. तुह्या हातानं मांडलं, तुह्याच हातानं काट."

काल सकाळी मी भाजी निवडत होते. खुशी खिडकीशी बाहुली घेऊन बसली होती. तिनं बाहुली खाली ठेवली.

आणि हात वर केला.

मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"हजर मॅडम," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

आजही म्हणाली.

आज तिचं अंग जरा गरम लागतंय. पत्र्याची खोली आहे, वैशाखासारखं ऊन आहे. उमेंद्र म्हणतो, उगाच घाबरते. डॉक्टरही म्हणाला, काही नाही. आज मंगळवार आहे, हे मी त्या दोघांना सांगितलं नाही.

उद्याची गाडी आहे. खुशीला सोबत नेत नाही. उमेंद्रनं चार दिवस सुटी टाकलीय, तो बसेल तिच्याजवळ. गोंदियाला उतरून पुढं अर्जुनी, मग केशोरी, मग पायी. काहीही करून अकराच्या आत दारात पोचायचं आहे.

एकच ओळ काटायची आहे. वरची, प्रियाची, ठेवायची आहे. लीलाबाईला शब्द दिलाय.

एवढंच तर काम आहे.

पण उशीर झाला… मी पायरीशी पोचले आणि आत हजेरी सुरू झालेली असली, माझ्याच आवाजात…

तर आत मॅडम असताना, बाहेरून मी कोण म्हणून हाक मारू?