आठवी रेकॉर्ड

मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी टोकियोच्या एदोगावा भागातल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून मोरिता-सानचा फोन आला. "पुष्कर-सान, तुमच्या यादीतली आठवी मिळाली."

पुष्करने सायकल काढली. आठवी मिळणं शक्यच नव्हतं. 'टिन मेरिडियन' या ब्रिटिश सायकेडेलिक, जॅझ रॉक बँडने सातच रेकॉर्ड काढल्या आणि १९७३ साली गाशा गुंडाळला. त्यांची संपूर्ण सूची पुष्करने इंटरनेटवर टाकली, तेव्हा पुण्याच्या वर्तमानपत्रात मुरलेल्या माणसाच्या सावधपणाने एक खोटी नोंद मुद्दाम घातली. कोणी सूची ढापलीच, तर चोर तिथे सापडावा. आठवी रेकॉर्ड, १९७२, एकच रचना, लांबी सहा मिनिटं चाळीस सेकंद. व्हायोलिन: अनया. त्याची सात वर्षांची मुलगी तेव्हा शेजारच्या खोलीत सराव करत होती, एवढंच.

मोरिता-सानने रेकॉर्ड दोन्ही हातांनी पुढे केली. जपानी आवृत्तीला असते ती कागदी पट्टी पिवळी पडली होती. साल १९७२. "एका घरातून आलेल्या खोक्यात होती."

सुई टेकली. खरखर. मग व्हायोलिन. तिसऱ्या ओळीत ते अडखळलं, अनया रोज अडखळते तिथेच. शेवटी लहान मुलीचा आवाज आला, अर्धा जपानी, अर्धा मराठी. "बाबा, मो ई? पुरे ना आता?"

पुष्करने घड्याळावर मिनिटं-सेकंद मोजले होते. सहा चाळीस.

शेजारच्या कोतो भागातल्या घरी बायको तेजश्री दारातच उभी होती. "अनया बोलत नाहीये रे. साडेचारपासून एक शब्द नाही. काय दुखतंय विचारलं, तर नुसती हसते."

बुधवारी डॉक्टरांनी घसा तपासला. ठणठणीत होता. व्हायोलिनची पेटी मात्र अनयाने उघडली नाही. गुरुवारी पुष्करने बायकोला सगळं सांगितलं.

"तुझी ही चोर पकडायची हौस! पूस ती नोंद. आत्ताच्या आत्ता."

"आणि तिचा आवाज त्यातच असला तर? तोही पुसला गेला तर?"

तेजश्रीने लॅपटॉप मिटून ठेवला.

शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन. "रेकॉर्ड वाढली आहे," मोरिता-सान म्हणाला, आणि लगेच माफी मागितली. पुष्कर अनयाला घेऊन निघाला.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. व्हायोलिन वाजलं, अडखळलं, थांबलं. "पुरे ना आता?" झालं.

सहा चाळीस उलटले. रेकॉर्ड फिरतच होती, आणि तिच्यातून अनयाचाच आवाज आला.

"बाबा?"

सहा पन्नास.

"बाबा, ती आपल्या घरी का राहते?"

पुष्करच्या मुठीतून लहान हात सुटला. अनया पुढे गेली. टाचा उंचावून तिने आवाजाचं बटण शून्यावर आणलं. मग वळली आणि नुसती हसली.

रविवारी सकाळी सूचीतली नोंद जागेवर होती. पुष्करने तिला अजून हात लावलेला नाही. तरीही तिथे आता लिहिलेलं आहे, लांबी: सात मिनिटं एकतीस सेकंद.