आवाजाच्या पलीकडे गेलेली आई

“आज आपले विमान आवाजाला मागे टाकणार!” आजोबांनी हात उंचावून जाहीर केले. मग तोच हात खिशात घालून विचारले, “माझा चष्मा कुठे गेला?”

केतकीला हसू आले नाही. कोकणातल्या उजाड सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, उड्डाणतळावर आजोबांनी आखलेले विमान वेगाच्या पहिल्या चाचणीला निघाले होते, आणि वैमानिक होती तिची आई. काल आई तिच्या कबड्डीच्या सामन्याला आली नव्हती, म्हणून केतकीने अबोला धरला होता. सकाळी आई म्हणाली, “येते हं.” यावर घरातल्या कुणीतरी “ये” म्हणायचे असते. केतकी गप्प राहिली.

आई विमानाकडे चालू लागली, तेव्हा केतकीने तोंड उघडले. पण आजोबांनी हात धरला. “मागून हाक मारू नये.”

“तुम्ही शास्त्रज्ञ ना?”

“विमान आहे ते. उगाच कशाला?”

आता समुद्रावरून वळसा घेऊन ते चंदेरी टिंब डोक्यावरून निघाले. केतकी जिवाच्या आकांताने ओरडली, “आई, ये!”

टिंब पुढे सरकले. सगळीकडे शांतता. आणि ते लांब गेल्यावर, धडाम! टिटव्या उडाल्या. केतकी पांढरीफटक पडली.

“आजोबा, फुटलं?”

“नाही गं! तळ्यात होडी जोरात नेलीस तर पाण्याच्या लाटा तिच्या पुढे पळू शकत नाहीत. एकीवर एक चढतात आणि होडीमागे फाळासारख्या पसरतात. हवेतही तसंच. आवाज म्हणजे हवेतली लाट. विमान तिच्यापेक्षा वेगात गेलं की लाटा एकत्र दाटतात आणि मागाहून आपल्यावर आदळतात. ती आघात-लहर (दाटलेल्या हवेचा धक्का).”

“मग माझी हाक?”

“आवाज तासाला सुमारे बाराशे किलोमीटर जातो. तुझी आई त्याच्या दीडपट वेगात आहे. हाक निघाली, पण गाठणार नाही. म्हणून या विमानाला ‘स्वनातीत’ म्हणतात. ‘स्वन’ म्हणजे आवाज, ‘अतीत’ म्हणजे पलीकडे गेलेला. दोन्ही शब्द संस्कृतातले, फार जुने. विमानं आल्यावर जाणत्यांनी ते जोडले.”

“पलीकडे गेलेला,” केतकी पुटपुटली. तिचे डोळे भरून आले. “म्हणजे आता तिला काहीच सांगता येणार नाही?”

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. मग ते तिला घेऊन तडक नियंत्रकांच्या खोलीत गेले, विनंती केली आणि वायरलेसचा माइक असलेला हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

“ही रेडिओलहर. हिला हवाही लागत नाही. प्रकाशाच्या वेगाने जाते. तिला मागे टाकणारं अजून काही सापडलेलं नाही. सापडलं, तर नाव तू ठेव. बोल.”

“आई,” केतकी म्हणाली. “ये.”

क्षणभर नुसती खरखर. मग आईचा आवाज, थोडा घोगरा. “येते गं, बाळा. पुढच्या सामन्यालासुद्धा.”

आजोबांनी नाक ओढले, हळूच माइककडे वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मागून हाक मारली.

“सुमेधा, माझा चष्मा तुझ्या खिशात गेलाय का, तेवढं बघ.”